कुंभाराच्या हातापासून जळीत वॉर्डापर्यंत

गडमुडशिंगीहून आम्ही बोलतोय.

आजचं बोलणं प्लास्टिक सर्जरीचं आहे. ही विद्या आली कुठून, आणि ती शिकणारा डॉक्टर कसा तयार होतो, त्याचा इतिहास. विषय काढला तेव्हा आमच्या गटातल्या काही जणी हसल्या. एकीनं विचारलंच, "नटींची नाकं सरळ करायची ती सर्जरी ना? आपल्याला काय करायचंय त्याचं?" तिला उत्तर दुसरीनं दिलं, तेही न बोलता. तिनं पदर बाजूला करून गळा दाखवला.

तिचं नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलंय. भाकरी करताना चुलीत तिचा पदर पेटला होता. जीव वाचला. जखमा भरल्या, पण भरताना कातडी आखडत गेली आणि हनुवटी छातीकडं ओढली गेली. फळीवरचा डबा काढायचा तर शेजारणीला हाक मारायची. समोरच्याशी बोलताना डोळे वर करून बोलायची, तर लोक म्हणायचे, ही बाई खालमानेनं काय बघते. एका दवाखान्यात तिला सांगितलं होतं, जखम बरी झाली, आता काही करायचं राहिलं नाही. असं नऊ वर्षं चाललं. पुढं भलत्याच कामासाठी ती एका मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली, तिथं शिकत असलेल्या एका तरुण डॉक्टरनं तिला वाटेत थांबवून विचारलं, "मावशी, मान वर होत नाही का तुमची?" त्या एका प्रश्नानं तिचं ऑपरेशन झालं.

नऊ वर्षांत तिला बघणारे बरेच होते. मग त्या पोरालाच ते कसं दिसलं? तर त्याला ते बघायला शिकवलं होतं म्हणून. आम्हाला वाटलं, हे शिकवणं काय असतं ते जरा बघूया.

आधी नावाचं सांगतो. या सर्जरीचा आणि प्लास्टिकच्या बादलीचा काही संबंध नाही. मूळ शब्द ग्रीक भाषेतला, अर्थ घडवणं, आकार देणं. बादलीचं प्लास्टिक फार नंतर आलं. कुंभार मातीला आकार देतो, तसं हे काम. आणि गंमत अशी की जगभरच्या डॉक्टरांनी हे काम ज्याच्याकडून उचललं तो खरोखरच कुंभाराच्या जातीतला होता, आणि आपल्या पुण्याकडचा होता.

गोष्ट सव्वादोनशे वर्षांपूर्वीची. कावसजी नावाचा एक बैल हाकणारा इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. इंग्रजी कागदात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटलंय. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. नाक जाणं म्हणजे काय, हे मराठी बाईला वेगळं सांगायला नको. आपल्या भाषेत अब्रू गेली तरी नाकच कापलं जातं. त्या काळी शिक्षा म्हणून खरोखर नाकं कापत, आणि संशयावरून बायकांची तर घरातलेच कापत. म्हणून नाक परत बसवणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक कमी नव्हतं.

कावसजी वर्षभर नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवलं. क्रूसो आणि फिंडले नावाच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम डोळ्यांनी पाहिलं. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकारानं नव्या नाकासकट कावसजीचं चित्र काढलं. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकात हे सगळं छापून आलं.

ती रीत ऐका. कारागिरानं आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन कापल्या जागेवर नाकाचा आकार बसवला. तो मेणाचा आकार सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेनं रेघ मारली. आपण ब्लाउजचं माप कापडावर आखतो तसंच. मग रेघेवर कपाळाची कातडी सोडवली, पण सगळी नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली. त्या पट्टीतून रक्त येत राहतं, म्हणून कातडी जिवंत राहते. सगळी युक्ती तिथं आहे. पिळा देऊन ती कातडी खाली नाकावर आणली आणि कडा जुळवल्या. वर पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या, एकीवर एक. चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेलं कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी ती जोडलेली पट्टी कापायची, कारण तोवर नव्या जागेवरून रक्त यायला लागलेलं असतं.

मेण, कात, तूप. भूल नाही. भुलीचं औषध जगात आलं ते १८४६ मध्ये. म्हणजे हे सगळं माणूस जागा असताना केलेलं.

आम्हाला एक गोष्ट लागून राहिली. बैल हाकणाऱ्याचं नाव कागदावर आहे. बघणाऱ्या डॉक्टरांची नावं आहेत, चित्रकाराचं आहे. ज्यानं नाक केलं त्याचं नाव मात्र नाही. 'वीट करणाऱ्यांच्या जातीचा' एवढीच नोंद. तो शिकला कुठं, कुणाच्या हाताखाली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आपल्या देशात अशी विद्या घराण्यात चालायची. हिमाचलातल्या कांगड्यातही नाकं बसवणारी घराणी होती, बापाचं बघून पोरगा शिकायचा. अशा शिक्षणात हात पक्का होतो, पण घरातला वारस संपला की विद्याही संपते. आणि ती लेकीला कोण शिकवणार?

त्याच्याही आधी शिकवण्याची रीतसर पद्धत आपल्याकडं होती. सुश्रुतसंहिता या जुन्या ग्रंथात कपाळाच्या नाही, पण गालाच्या कातडीनं नाक करायचं सांगितलंय. आम्हाला त्याहून आवडलं ते शिष्यानं सराव कशावर करायचा ते. कापायचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडीवर. शीर टोचायचा सराव कमळाच्या देठावर आणि मेलेल्या जनावराच्या शिरांवर. टाके घालायचे ते जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर. पट्ट्या बांधायच्या मातीच्या बाहुल्यावर. सगळी शास्त्रं पाठ असली तरी हात न चालवलेला शिष्य कामाला नालायक, असं तिथं स्पष्ट म्हटलंय. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे पटायला वेळ लागत नाही.

लंडनच्या मासिकातली ती हकिकत जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जननं वाचली. त्यानं लगेच सुरी उचलली नाही. आधी प्रेतांवर सराव केला. जिवंत माणसावर पहिलं ऑपरेशन केलं ते १८१४ मध्ये, म्हणजे हकिकत छापून आल्यावर २० वर्षांनी. १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पुण्याकडच्या कुंभाराची रीत युरोपात 'हिंदुस्थानी पद्धत' म्हणून गेली ती त्या पुस्तकातून. कपाळाच्या कातडीनं नाक करायची ती पद्धत आजही डॉक्टर वापरतात.

पुढची पायरी आली लढाईतून. पहिल्या महायुद्धात खंदकातनं डोकं वर काढलं की गोळी तोंडावर बसायची. जबडा गेलेले, गाल फाटलेले हजारो सैनिक इंग्लंडला परत यायला लागले. हॅरॉल्ड गिलीज नावाचा कान-नाक-घशाचा डॉक्टर होता, जन्मानं न्यूझीलंडचा. त्यानं १९१७ मध्ये लंडनजवळ सिडकप इथं फक्त अशा रुग्णांसाठी उभारलेल्या दवाखान्यात काम सुरू केलं. त्याच्याबरोबर दातांचे डॉक्टर होते, भूल देणारे होते, चेहऱ्यांची चित्रं काढणारा चित्रकार होता. देशोदेशीचे सर्जन तिथं येऊन शिकले. ही विद्या एकट्या माणसाची नाही, टोळीनं करायचं काम आहे, हे तिथं पक्कं झालं.

'रेसिडेंट डॉक्टर', म्हणजे निवासी डॉक्टर, हा शब्द अमेरिकेतला. १८८९ मध्ये बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलं. तिथं शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांनी दवाखान्यातच राहायचं, रात्रंदिवस रुग्णाजवळ, अशी पद्धत पडली. त्यांनी लग्न करू नये अशीही अपेक्षा असे. सगळी रचना बिनलग्नाच्या पुरुषांसाठी केलेली. बायकांना यात शिरायला किती कष्ट पडले ते कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो तो दवाखाना पूर्वी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होता. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींना कोल्हापूर दरबारानं तिथल्या बायकांच्या वॉर्डाची नेमणूक दिली होती. रुजू होण्याआधीच, १८८७ मध्ये, त्या गेल्या. पुढं डॉ. कृष्णाबाई केळवकर त्याच दवाखान्यात काम करू लागल्या, आणि शाहू महाराजांनी त्यांच्या शिक्षणाला पाठबळ दिलं.

गिलीजच्या हाताखाली शिकलेले एक डॉक्टर आपल्याकडं आले, नोशीर अंतिया. जन्म १९२२, हुबळीचा. इंग्लंडात शिकून आल्यावर गोऱ्या साहेबांच्या नाकावर त्यांना चिकार पैसा मिळाला असता. त्यांनी पुण्यात कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांचं काम हाती घेतलं. कुष्ठरोगात नाक बसतं, भुवया झडतात, बोटं वाकडी होतात. रोग बरा झाला तरी चेहऱ्यावरून माणूस ओळखू येतो आणि गाव त्याला आत घेत नाही. अंतियांनी ती नाकं उचलली, बोटं सरळ केली. पुढं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि कुष्ठरोग्यांना साध्या दवाखान्यात, इतरांच्या बरोबरीनं खाट दिली. त्या काळी हे सोपं नव्हतं.

तिकडं नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीला स्वतंत्र विभाग सुरू केला, देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी एक. फाटका ओठ आणि फाटकी टाळू किती प्रकारची असते याची त्यांनी केलेली मांडणी आजही 'नागपूर वर्गीकरण' म्हणून शिकवतात. आपल्याकडं अशा बाळाच्या आईला पहिला प्रश्न काय विचारतात? "ग्रहणात काही चिरलंस का?" चिरण्याचा आणि ओठाचा काही संबंध नाही. पोटात पहिल्या दोन-तीन महिन्यांत चेहऱ्याचे भाग जुळून येतात, ते कधी कधी जुळायचे राहतात. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला करतात, टाळूचं पहिल्या दीड वर्षात. शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे ऑपरेशन मोफत बसतं.

आता आजच्या शिक्षणाकडं येऊ. आमच्या गटातल्या एकीची भाची मुंबईत हेच शिकते. दिवाळीला आली तेव्हा आम्ही तिला ओसरीवर बसवून घेतलं.

"किती वर्षं गं?" तर एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षं, मग सर्जरीची एम.एस. ३ वर्षं, त्यावर प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. आणखी ३ वर्षं. मधल्या परीक्षांची वाट बघणं वेगळं. साडेअकरा वर्षं धरा. तिच्या बरोबरीच्या मुली कधीच आया झाल्या, हे तिच्या आईनं मध्येच सांगून घेतलं.

शेवटच्या ३ वर्षांत एका जागी बसवत नाहीत. पाळीपाळीनं फिरवतात, त्याला रोटेशन म्हणतात. काही महिने जळीत वॉर्ड, काही महिने हाताच्या दुखापती, मग फाटके ओठ-टाळू, मोडलेले जबडे, कॅन्सर काढल्यावर तिथं नवं मांस बसवणं, दुर्बिणीखाली केसाएवढ्या धाग्यानं रक्तवाहिन्या शिवणं. चेहरा सुंदर करायची पाळीही असते. पण सरकारी दवाखान्यात ती सगळ्यात लहान, असं ती हसून म्हणाली.

हाताच्या पाळीचं ऐकताना आम्हाला आपलंच गाव दिसलं. कडबाकुट्टीत बोटं गेलेली, चरकात हात सापडलेला, इचलकरंजीच्या मागावरची दुखापत. तुटलेलं बोट जोडता येतं, पण ते थेट बर्फात टाकून न्यायचं नाही. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवायची, आणि काही तासांत पोचायचं.

जळीत वॉर्डाबद्दल ती बराच वेळ बोलली. "आत्या, पहिल्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं." सकाळी ड्रेसिंग. एकेका बाईला तास-दीड तास. किती टक्के भाजलंय ते मोजायला आधी शिकवतात. एक हात ९ टक्के, डोकं-चेहरा ९, एक पाय १८, पोट-छाती १८, पाठ १८. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट साधारण १ टक्का. टक्क्यावरून सलाईन किती द्यायचं ते ठरतं, आणि पहिल्या दिवशी ते चुकलं तर पुढची सर्जरी करायला माणूसच राहत नाही. मग मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावणं. मग मान, कोपर, बोटं आखडू नयेत म्हणून पट्टे आणि व्यायाम. हे सगळं त्या पाळीत तिच्या हातून जातं. आपल्या मैत्रिणीची मान त्या तरुण डॉक्टरला का दिसली, ते आम्हाला इथं कळलं. जळीत वॉर्डातून नुकताच गेलेला डोळा होता तो.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती पुस्तकात शिकवत नाहीत. जळालेल्या बाईचा जबाब घ्यायला दंडाधिकारी येतात. बाई बोलण्याच्या शुद्धीत आहे की नाही, हे बहुतेक वेळा त्या पाळीवरच्या निवासी डॉक्टरलाच लिहून द्यावं लागतं. दाराबाहेर सासरचे उभे, माहेरचे उभे. आत बाई म्हणते, स्टोव्ह भडकला. घरच्यांना बाहेर पाठवलं की कधी कधी वेगळं सांगते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पोरीनं त्या कागदावर सही करायची. खूप वर्षं अशा खटल्यांत डॉक्टरचा दाखला नाही म्हणून जबाब फेटाळले जायचे. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितलं की जबाब घेणाऱ्याची खात्री पटली असेल तर केवळ दाखला नाही म्हणून जबाब टाकून देता येणार नाही. हा खटला आपल्या राज्यातला आहे. प्रत्येक गटात हे माहीत असावं असं आम्हाला वाटतं.

कातडी कमी पडते ही या वॉर्डाची मोठी अडचण. निम्मं अंग भाजलं तर स्वतःची कातडी आणायची कुठून? मुंबईच्या सायन रुग्णालयात सर्जरीच्या प्राध्यापक डॉ. माधुरी गोरे यांनी २००० मध्ये त्वचापेढी सुरू केली. मरणानंतर ६ तासांच्या आत मांडी, पाय, पाठ इथून कातडीचा अगदी पातळ थर काढतात. रक्तस्राव होत नाही, देह विद्रूप होत नाही. ती कातडी ग्लिसरीनमध्ये ५ वर्षांपर्यंत टिकते. त्याच डॉक्टरांनी भाजलेल्या जखमेवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून पाहिलं. त्याआधी वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या पट्ट्या केल्या होत्या. पान आणि साल जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी काढताना जीव जात नाही. कात आणि तुपाच्या कुंभाराचीच ही नातवंडं म्हणायची. पण हे घरी करू नका, हात जोडून सांगतो. तिथं साल आणि पान निर्जंतुक केलेलं असतं. घरी भाजलं तर नळाचं साधं पाणी २० मिनिटं, आणि मग दवाखाना. टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फही नको.

आमच्यात एक भांडण झालं तेही सांगतो. एक जण म्हणाली, सरकारी पैशानं शिकतात आणि शहरात नाकं सरळ करत बसतात. भाचीनं ते नाकारलं नाही. पण ती म्हणाली, "मी एकटी गावात येऊन काय करू? भूल द्यायला कोण? रक्त कुठनं? व्यायाम कोण करून घेणार?" दोघींचंही खरं होतं. डॉ. अंतियांनाही हा प्रश्न पडला होता. इतकी मोठी सर्जरी शिकवणारा हा माणूस १९७० च्या दशकात अलिबागजवळच्या मांडव्याच्या खेड्यांत गेला आणि तिथल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवू लागला. गावातला बराचसा आजार या बायका सांभाळू शकतात, डॉक्टर लागतो तो उरलेल्यासाठी, हे त्यांनी पुढं आयुष्यभर मांडलं. आशाताई गावोगाव आल्या त्या त्यानंतर तीसेक वर्षांनी.

आमच्या मैत्रिणीचं ऑपरेशन तीनेक तासांचं होतं. त्यानंतर सहा महिने गळ्याला पट्टा आणि रोज व्यायाम, नाहीतर लावलेली कातडी परत आखडते. ते सहा महिने भाकरी तिच्या जावेनं केली. फळीवरचा डबा आता तीच काढते.

त्या दिवशी तिनं गळा दाखवल्यावर आम्ही वाडीत विचारत फिरलो. आणखी तिघी सापडल्या. एकीचं कोपर, एकीची बोटं, आणि एक नऊ वर्षांची मुलगी, गुऱ्हाळावर उकळता रस सांडून जिचा पाय गुडघ्यात आखडलाय. मुलीचा नंबर पहिला लावलाय. येत्या मंगळवारी तिची आई तिला घेऊन निघणार आहे, आणि बरोबर आमच्यातल्या दोघी जाणार आहेत.